गुडघ्यातलं चमचाभर पाणी

त्यांना इस्पितळात सगळे तारमास्तर म्हणत. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ पूर्वी तार कचेरीत असणार. कसलं काय. आयुष्यात त्यांनी एकही तार पाठवली नव्हती. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ते तीस वर्षं लोकांच्या गुडघ्यातलं पाणी तपासत होते, आणि तपासण्याआधी त्यातला एक थेंब सुईच्या टोकावरून खाली सोडून बघायची त्यांना सवय होती. निरोगी गुडघ्याचं पाणी पाकासारखं चिकट असतं, थेंब पडताना मागे लांब तार धरतं. दुखावलेल्या गुडघ्याचं पाणी टपकन पडून मोकळं होतं. मास्तर ती तार डाव्या हाताच्या बोटांनी मोजायचे. चार बोटं भरली की मान डोलवायचे, दोन भरली की तोंड आंबट करायचे. पुढे यंत्रं आली, छापील अहवाल आले, पण मास्तरांची बोटं काही थांबली नाहीत.

माणूस भला, पण स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नाही. टेबल पुसतील, बाटल्या सरळ करतील, सरळ केलेल्या पुन्हा सरळ करतील, खिडकी उघडतील, लावतील. गंमत बघा, ज्याला एक जिना धड उतरता येत नाही, नेमकी त्याच्याच पायाला भिंगरी.

जिन्याची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विशीत मास्तर फुटबॉलचे गोलरक्षक होते. चांगले होते, असं ते स्वतः म्हणत नाहीत, त्यांची बायको म्हणते, म्हणजे खरं असावं. एका सामन्यात उडी मारून चेंडू अडवला आणि खाली येताना पाऊल जमिनीत रुतलं, अंग मात्र वळलं. गुडघ्यात कट्कन आवाज झाला. हाडाला हाड बांधून ठेवणारा आतला दोर, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात, तो अर्धा तुटला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. सहा आठवड्यांनी सूज उतरली तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने अंगठ्याने गुडघा दाबून बघितला आणि म्हणाला, "सूज गेली म्हणजे दुखणं गेलं. उतर मैदानात." मास्तर उतरले. वर्षभरात गुडघा कुरकुरायला लागला, दोन वर्षांत खेळ सुटला, आणि आता सत्तावन्नाव्या वर्षी ते जिना उतरतात तो असा: आधी दुखरा पाय खालच्या पायरीवर, मग त्याच पायरीवर चांगला पाय, क्षणभर थांबायचं, मग पुढची पायरी. उतरताना नजर पायांवरून हलत नाही. मागून येणाऱ्या माणसाने खुशाल पुढे जावं, मास्तर कठड्याला चिकटून उभे राहतात.

त्या प्रशिक्षकावरचा राग मात्र तसूभर उतरला नाही. "बघितलं काय त्याने? वरची कातडी. आणि एक शब्द बोलून मोकळा झाला," असं ते पस्तीस वर्षांनंतरही म्हणत.

खेळ सुटल्यावर एका नातेवाइकाच्या ओळखीने प्रयोगशाळेत लागले. सुरुवातीला बाटल्या धुतल्या, मग काम शिकत गेले, आणि एक दिवस कुणाच्या तरी गुडघ्यातून काढलेलं पाणी त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं. त्या माणसाची सूज केव्हाच उतरली होती. बाहेरून गुडघा शहाण्यासारखा दिसत होता. आत मात्र पांढऱ्या पेशींचा नुसता बाजार भरला होता. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणतात. आपल्या पायाचं काय झालं, ते त्यांना तिथे दिसलं.

तेव्हापासून हा विषय म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ऐकणारा सापडला की सुरू. गुडघ्यात असतं चमचाभर पाणी, जास्त नाही. त्यात वंगणाचे लांबच लांब धागे असतात, म्हणून ते तार धरतं आणि हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चा एकमेकींवर घसरतात, घासत नाहीत. दोर तुटला की पहिल्या दिवशी त्या पाण्यात रक्त उतरतं. ते चार दिवसांत जातं, पण जाताना आतल्या अस्तराला भडकवून जातं. मग अस्तर मदतीच्या हाका मारतं, म्हणजे तशी रसायनंच पाण्यात सोडतं. हाका ऐकून पांढऱ्या पेशी जमतात, पेशींमागून एन्झाइम येतात, आणि हे एन्झाइम म्हणजे कात्र्या. तुटका दोर साफ करायला आलेल्या असतात, पण कात्रीला काय कळतं? वंगणाचे धागे कापतात, कूर्चा कातरतात. कूर्चेचे कण पाण्यात तरंगायला लागतात. आणि हे सगळं सूज उतरल्यावरही चालू असतं, कुणाला आठवडे, कुणाला महिने. त्या काळात उड्या मारल्या की संपलं. कूर्चा एकदा गेली की पुन्हा येत नाही.

घरी जेवताना गुडघ्याचा विषय काढायचा नाही, असा बायकोने कायदाच केला होता. मास्तर तो अधूनमधून मोडत.

त्यांना एकच मुलगी. लहानपणापासून हिला घरात सगळे खारूताई म्हणतात, कारण एका जागी ठरेल तर शपथ. वडिलांवर गेली, दुसरं काय. फरक एवढाच की तिचे दोन्ही पाय शाबूत होते. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची आणि शेवटच्या चार पायऱ्या एका उडीत उतरायची, आणि खालून मास्तर ओरडायचे. बास्केटबॉल खेळायची. नुसती खेळायची नाही, वयोगटाच्या मोठ्या संघात निवड होईल असं खेळायची. यंदा तिला एकविसावं लागलेलं. पुढच्या वर्षी त्या वयोगटाचं दारच बंद. म्हणजे यंदाची निवड चाचणी पहिली नव्हे, पण शेवटची.

आणि चाचणीच्या नऊ आठवडे आधी सराव करताना ती उडी मारून खाली आली, पाऊल जमिनीला चिकटलं, अंग वळलं, गुडघ्यात कट्कन आवाज झाला. तिने घरी येऊन हे शब्द उच्चारले तेव्हा मास्तरांच्या हातातला पेला खाली पडला. काही गोष्टी वारशात द्यायच्या नसतात, पण विचारतो कोण.

दोर अर्धा तुटला होता. गुडघेवाल्या डॉक्टरीणबाईंनी, वयाने मास्तरांहून बऱ्याच लहान पण हाताने पक्क्या, फोटो बघून सांगितलं की ऑपरेशन नको, व्यायामाने भागेल. खारूताईने व्यायाम असा केला की फिजिओथेरपिस्टने हात जोडले. सातव्या आठवड्यात सूज पार गेली. आठव्यात ती धावायला लागली. चाचणीत उतरू का, म्हणून तिने विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाचणीच्या दिवशी सकाळी पाणी काढू. पाणी शांत असेल तर खेळ. नसेल तर चार महिने उडी नाही." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ऑपरेशनमध्ये असेन. माझी वाट बघू नका. मास्तर, तुमचा शब्द म्हणजे माझी सही."

तो शब्द मास्तरांच्या छातीवर नऊ दिवस बसून होता.

चाचणीच्या दिवशी ते सकाळी सहालाच प्रयोगशाळेत हजर. नमुना यायचा आठला. दोन तास हा माणूस करणार काय? टेबल पुसलं. मग सगळ्या बाटल्या उचलून टेबलावरचा कागद बदलला. बाटल्या परत मांडल्या. मग त्यांना वाटलं, उजेड बरा पडत नाही, म्हणून मायक्रोस्कोप खिडकीकडे सरकवला, आणि त्यापायी बाटल्यांची रांग उलटी फिरवून पुन्हा मांडली. मग नळ गळतो का ते बघितलं. गळत नव्हता.

साडेसातला यंत्रबाई आल्या. या मास्तरांच्या बावीस वर्षांच्या सहकारी. एन्झाइम आणि कूर्चेचे कण मोजणारं मोठं यंत्र त्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव. तोंडाने फटकळ, कामाला चोख. त्यांनी टेबलाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं.

"मास्तर, आज मोजणी मी करते. घरच्या माणसाचा नमुना घरच्याने करायचा नाही, हा नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय."

"तुमचं यंत्र बघा तुम्ही. माझा हात बसलाय."

"हात बसलाय, पण माणूस कुठे बसलाय? बाहेर एक चक्कर मारून या."

"दहा मिनिटांचं तर काम," मास्तर म्हणाले, आणि विषय संपला. त्यांनी ऐकायला हवं होतं. पण मुलीचं पाणी दुसऱ्याच्या हातात देऊन आपण व्हरांड्यात उभं राहायचं, हे त्यांच्याच्याने होणं नव्हतं.

आठला, ऑपरेशनला जाण्याआधी, डॉक्टरीणबाईंनी वर पाणी काढलं आणि खारूताई घरी परतली. अर्धी नळी यंत्रबाईंकडे गेली. त्यांचं यंत्र निवांत, निकाल द्यायला दुपारचा एक वाजवणारं. अर्धी मास्तरांकडे आली. पाणी पिवळसर, बऱ्यापैकी नितळ. त्यांनी थेंब सोडला. तार आली. तीन बोटं. चार नव्हती, पण मास्तरांनी बोटं जरा घट्ट मिटली आणि स्वतःला सांगितलं, साडेतीन म्हणायला हरकत नाही. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तारेला अर्धं बोट उसनं दिलं नव्हतं.

मग पेशी मोजायच्या. त्यासाठी पाणी आधी पातळ करावं लागतं, आणि पातळ करायच्या बाटल्या दोन. एकीत नुसतं मिठाचं पाणी. दुसरीत आम्ल घातलेलं, ते रक्ताच्या मोजणीसाठी. गुडघ्याच्या पाण्याला आम्ल लागलं की त्यातलं वंगण गोठतं, त्याच्या चिंध्या होतात, आणि पेशी त्या चिंध्यांत अडकून बसतात. काचेवर बघावं तर मैदान रिकामं. या कामातली ही सगळ्यांत जुनी चूक. नवा माणूस आला की मास्तर पहिल्या दिवशी त्याला दोन्ही बाटल्या हातात देऊन हुंगायला लावायचे आणि म्हणायचे, "ही चूक केलीस तर माझ्यासमोर उभा राहू नकोस." आम्लाच्या बाटलीवर लाल शाईने 'सांध्याला नको' असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मिठाचं पाणी डावीकडे, आम्ल उजवीकडे, तीस वर्षं तीच जागा. हात न बघता जायचा.

त्या दिवशीही न बघताच गेला. डावीकडे.

रेघा कोरलेली काच मायक्रोस्कोपखाली ठेवून मास्तरांनी डोळा लावला. एका चौकोनात पेशी नाही. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. हिशेब केला तर चाळीस. दोनशेच्या आत म्हणजे शांत, इथे तर चाळीस. मास्तरांचे डोळे भरून आले. नळीच्या बुडाशी काय आहे ते बघायचं त्यांना सुचलंही नाही. त्यांनी फोन उचलला.

"खारू, पाणी स्वच्छ आहे."

 मग ती म्हणाली, "नक्की ना बाबा?"

"मी मोजलंय," मास्तर म्हणाले. एवढं अभिमानाने ते आयुष्यात फार थोडं बोलले असतील.

"बरं," ती म्हणाली. "मग निघते मी. हजेरी अकरालाच आहे."

नंतरचे चार तास मास्तर तरंगत होते. दुसऱ्यांचे नमुने केले, दोनदा चहा पाजला, यंत्रबाईंना जुने किस्से ऐकवले. पण मधेच उठून घड्याळ बघायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. आनंद झाला तरी चैन नाही, असा हा स्वभाव. साडेबाराच्या सुमाराला उगाचच नळ बघून आले.

एक वाजता यंत्रबाई हातात कागद घेऊन आल्या आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत यंत्रबाई गप्प उभ्या राहिल्याचं मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"कूर्चेचे कण चौपट. एन्झाइम तर विचारू नका. मास्तर, हे नऊ आठवड्यांच्या गुडघ्याचं पाणी वाटत नाही, नऊ दिवसांच्या वाटतं. मी दोनदा चालवलं."

"पण पेशी चाळीस आहेत."

"कात्र्या एवढ्या आणि माणूस एकही नाही? असं कधी बघितलंय तुम्ही?"

बघितलं नव्हतं.  ते टेबलाकडे गेले, सकाळची पातळ केलेली नळी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बुडाशी पांढऱ्या चिंध्या. अंड्यातला पांढरा भाग गरम पाण्यात सांडावा तशा, बारीक, लोंबणाऱ्या. त्यांनी डावीकडची बाटली फिरवली. लाल अक्षरं भिंतीकडे तोंड करून होती. सांध्याला नको. त्यांच्याच हाताने सकाळी रांग उलटी मांडलेली, आणि त्यांचाच हात जुन्या जागी गेलेला.

"बाई, मूळ नळी कुठाय?"

"फ्रिजमध्ये. थांबा, मी करते," यंत्रबाई म्हणाल्या, आणि या वेळी मास्तरांनी वाद घातला नाही.  बाईंनी मिठाचं पाणी घेतलं, काच भरली, डोळा लावला आणि मोजत राहिल्या. मोजणं संपेचना. सकाळच्या मोजणीला एवढा वेळ लागला नव्हता, हेही मास्तरांच्या आता लक्षात आलं.

"अकराशे," बाई म्हणाल्या. "पाच तासांत काही मेल्याही असतील."

मास्तरांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चाचणीला आलेल्यांचे फोन दाराशीच जमा करून घेतात, हे त्यांना तिनेच सांगितलं होतं. हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला. चाचणी तीनला.

"जा," यंत्रबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंना मी निरोप ठेवते. इथलं मी बघते. जा तुम्ही."

बस मिळाली, पण ती बस कसली, प्रत्येक खांबाला नमस्कार करत चाललेली. मास्तर उभेच होते. जागा रिकामी होती, बसवेना. कंडक्टर म्हणाला, काका बसा. मास्तर बसले, उठले, दारापाशी गेले, परत आले. डोक्यात एकच चक्र. बघितलं काय त्याने? वरची कातडी. आणि एक शब्द बोलून मोकळा झाला. पस्तीस वर्षं ज्या माणसाला शिव्या घातल्या तो निदान अडाणी होता. त्याच्याकडे मायक्रोस्कोप नव्हता, यंत्र नव्हतं, दोन बाटल्या नव्हत्या. मास्तरांकडे सगळं होतं, आणि त्यांनीही तोच शब्द उच्चारला, कारण त्यांना तो उच्चारायचा होता. तार तीन बोटं होती. तीन. त्यांना शरम वाटली, इतकी की खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघवेना.

चौकात बस अडकली. पुढे कुठलासा ट्रक आडवा झाला होता. मास्तर उतरले आणि चालू लागले, मग जमेल तसे धावू लागले. ते धावणं बघून रस्त्यातले लोक बाजूला होत होते. गुडघ्यातून कळ थेट मांडीपर्यंत जात होती. जाऊ दे. त्या गुडघ्यात आता वाचवण्यासारखं राहिलं होतं काय?

हॉलच्या दारावर पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दार वरच्या बाजूला, गॅलरीत उघडणारं. खाली लखलखीत लाकडी मैदान, आणि तिथवर उतरायला पायऱ्या. मास्तरांनी मोजल्या नाहीत, पण तीसच्या आसपास असाव्यात. खाली दहा मुली उड्या मारत होत्या, चेंडू आपटत होते, शिट्ट्या वाजत होत्या. खारूताई त्या दहांत नव्हती. ती पुढच्या गटात, रेषेबाहेरच्या बाकावर, बुटांच्या नाड्या बांधून तयार बसलेली. मास्तरांनी हाक मारली. एवढ्या गोंगाटात ती त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही.

मग त्यांनी कठडा धरला. दुखरा पाय खाली, चांगला पाय शेजारी, थांबा. दुखरा पाय खाली, चांगला पाय शेजारी, थांबा. खाली शिट्टी वाजली, पहिला गट बाहेर निघाला. मास्तरांनी घाई करायचा प्रयत्न केला, गुडघ्याने साफ नकार दिला. दुसऱ्या गटाचे आकडे पुकारायला सुरुवात झाली. बाकावरच्या मुली उठल्या. आणि उठता उठता खारूताईची नजर गॅलरीकडे गेली.

एवढ्या लांबून चेहरा ओळखू येत नाही. पण ते उतरणं ती जन्मापासून बघत आली होती.

ती रांग सोडून आली. मास्तर पाच पायऱ्या वर असतानाच तिने विचारलं, "काय झालं?"

"माझी चूक झाली," मास्तर म्हणाले. धाप लागली होती, तरी शब्द एकेक करून आले. "मी आम्लाची बाटली घेतली. पेशी दिसल्या नाहीत. अकराशे आहेत. कूर्चेचे कण आहेत, एन्झाइम आहेत. पाणी शांत नाही, खारू. मी सकाळी खोटं सांगितलं. मुद्दाम नाही, पण खोटंच."

 मागे तिचा आकडा पुकारला जात होता.

"सकाळी नाही म्हणाला असतात तर मी घरात रडून घेतलं असतं," ती म्हणाली. "इथे आणून नाही म्हणताय. सगळ्यांसमोर."

"हो."

"पुढच्या वर्षी मला घेणार नाहीत, माहितीय ना?"

"माहितीय." ते आणखी एक पायरी उतरले. "तू मला काय हवं ते बोल. पण उडी मारू नकोस."

आकडा दुसऱ्यांदा पुकारला. खारूताईने मागे वळून मैदानाकडे बघितलं. मग तिचा आवाज अगदी खाली आला.

"बाबा, मी चार दिवस जिना तुमच्यासारखाच उतरतेय. एक पाय, मग दुसरा. कुणी नसताना. आईलाही कळलं नाही, आणि तुम्ही तर उतरताना वर बघतच नाही." तिने डोळे पुसले. "गुडघा सांगत होता मला. सकाळी तुमचा फोन आला, स्वच्छ म्हणालात, म्हणून मी गुडघ्यालाच खोटं ठरवलं. म्हटलं, बाबांनी मोजलंय."

 चिंध्या बघितल्या तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काही ऐकायचं उरलं नाही. उरलं होतं.

ती वळली आणि चालत प्रशिक्षकाकडे गेली. काय बोलली ते मास्तरांना ऐकू आलं नाही, पण तिने हाताने गुडघा दाखवला आणि मान हलवली. प्रशिक्षकाने वाकून गुडघा दाबून बघितला, सूज नाही असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने खांदे उडवले. तिने पुन्हा मान हलवली. तिच्या जागी दुसरी मुलगी रांगेत उभी राहिली. खारूताई बाकावर बसली, सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या, पिशवी उचलली आणि परत आली.

मास्तर त्याच पायरीवर उभे होते. त्यांनी पिशवीसाठी हात पुढे केला. तिने दिली नाही.

"गट संपेपर्यंत बघूया का?" त्यांनी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"नको. बघवणार नाही मला."

मग दोघं वर निघाली. मास्तरांनी कठडा धरून चांगला पाय पायरीवर ठेवला, मग दुखरा शेजारी आणला. ती पुढे निघून जाईल असं त्यांना वाटलं होतं. रागावली की ती नेहमीच पुढे निघून जायची, दोन-दोन पायऱ्या घेत. ती गेली नाही. तिनेही चांगला पाय आधी ठेवला, मग दुखरा शेजारी आणला, आणि त्यांच्यासाठी थांबली.

"उद्या त्या बाटलीचं काय करणार?" अर्ध्या वाटेत तिने विचारलं. आवाजात राग होताच.

"चुकांच्या वहीत लिहीन. माझ्या नावाने."

"लिहा," ती म्हणाली. "आणि पुढचं पाणी यंत्रबाईंना मोजू द्या. तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसायचं. माझ्याबरोबर."

"बसेन," मास्तर म्हणाले, आणि दोघांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.